पायाचा आवाज

पियानो हें मोठें फसवें वाद्य आहे. दिसावयास तें एखाद्या संस्थानिकासारखें भारदस्त. पोटांत दोनशेंहून अधिक तारा, आणि त्या सर्वांचा मिळून ताण कित्येक टनांच्या घरांतला. तरीहि वाजवणाऱ्याच्या हातीं यांतलें किती राहतें, याचा हिशेब मांडूं लागलें म्हणजे मन खट्टू होतें. सतारीची तार छेडल्यावर ती ओढून मींड काढतां येते. सारंगीवाल्याचा गज सुरावर अखेरपर्यंत फिरत असतो. गवयाचा तर श्वासच सूर होऊन बसलेला असतो. पियानोंत मात्र पट्टी दाबली, आंतली हातोडी उडाली, तार वाजली कीं कारभार आटोपला. इतकेंच नव्हे, तर हातोडी तारेला भेटण्यापूर्वींच पट्टीशीं असलेला तिचा संबंध सुटतो आणि शेवटचें केसभर अंतर ती एकटीच तोडते. सन १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनें ही सुटकेची युक्ति बसवली, आणि तिच्यावांचून हें वाद्य वाजलेंच नसतें. कारण हातोडी तारेला चिकटून राहिली तर सूर जागच्या जागीं गुदमरेल. म्हणजे ज्या क्षणीं नाद जन्माला येतो, नेमक्या त्याच क्षणीं वादक तेथें हजर नसतो!

असें असतां पियानोवाले लोक ‘स्पर्श’ या शब्दाचा अखंड जप करीत असतात. अमक्याचा स्पर्श मखमली, तमक्याचा पोलादी. एखाद्याच्या बोटांतून सूर ओघळतात, दुसऱ्याच्या बोटांतून ते ठिकऱ्यांसारखे उडतात. शास्त्रज्ञांना हा जप कधींच मानवला नाहीं. सर जेम्स जीन्स या खगोलशास्त्रज्ञानें १९३७ सालीं संगीताच्या पदार्थविज्ञानावर एक पुस्तक लिहिलें, आणि त्यांत सुट्या सुराविषयीं असा निकाल देऊन टाकला कीं, हातोडीचा वेग सारखा असेल तर पट्टी थोर वादकाच्या बोटानें दाबली काय आणि छत्रीच्या टोंकानें दाबली काय, निघणारा नाद एकच. वादकमंडळी अर्थातच खवळली. पुढें या शतकांत व्हिएन्नाचे वेर्नर गोएब्ल आणि त्यांचे सहकारी यांनीं या भांडणाची नव्यानें चौकशी केली. पट्टीवर वरून आपटलेलें बोट आणि पट्टीला टेकवून मग दाबलेलें बोट, यांतला फरक कांहीं जाणत्या श्रोत्यांना कळतो असें त्यांना आढळलें. पण तो फरक तारेचा नव्हे, तर बोट पट्टीवर आदळतांना जो बारीकसा ‘टक्’ होतो त्याचा! दोन्ही पक्षांना अर्धें अर्धें समाधान देणारा असा न्याय कोर्टांतहि क्वचितच मिळतो.

या साऱ्या वादांत पायाची आठवण मात्र कोणी फारशी काढीत नाहीं, आणि माझ्या मतें पियानोची खरी किमया पायांतच आहे. प्रत्येक तारेला नमद्याची एक लहानशी गादी टेकलेली असते; तिला डॅम्पर म्हणतात. पट्टी दाबली कीं ती गादी बाजूला होते, पट्टी सोडली कीं ती पुन्हां तारेवर बसून नाद मिटवते. (अगदीं टिपेच्या दीडएक सप्तकाला ही गादी नसतेच, तेथल्या तारा इतक्या आंखूड कीं त्यांचा नाद आपोआपच विरतो.) उजव्या पायाखालचें पेडल दाबलें म्हणजे या सगळ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. मग नुसता वाजवलेला सूरच लांबतो असें नाहीं. तर त्याच्या नात्यागोत्यांतल्या इतर तारा, ज्यांना कोणी स्पर्शहि केलेला नाहीं, त्या आपण होऊन गुणगुणूं लागतात. सतारीच्या तरफा ज्यानें कान देऊन ऐकल्या आहेत त्याला हें निराळें समजावून सांगावयास नको. फरक इतकाच कीं, सतारीच्या तरफा नेहमींच मोकळ्या असतात. पियानोच्या तरफांचें दार उघडणें आणि लावणें पायाच्या स्वाधीन असतें.

आणि हें दार केव्हां उघडावयाचें, केव्हां लावावयाचें, यांतच सगळी विद्या आहे. बीथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या १८०१ च्या सोनाटांत पहिला सबंध भाग गाद्या उचललेल्या ठेवून वाजवावा, अशी त्यानें स्वतः सूचना दिली आहे. त्याच्या काळच्या लहानशा नाजुक पियानोवर तें शोभत असेल. आजच्या धिप्पाड वाद्यावर ती सूचना शब्दशः पाळली तर सगळे सूर एकमेकांत कालवून त्यांची आमटी होईल. म्हणून आजचे वादक पेडल अर्धवट दाबून गाद्या तारांना नुसत्या चाटतील न चाटतील इतक्याच उचलतात, किंवा वरचेवर पेडल बदलीत राहतात. साधारण रिवाज असा कीं, नवा स्वरसंघ वाजला त्याच क्षणीं पाय उचलावयाचा, म्हणजे जुना नाद मिटतो. आणि लगेच पुन्हां दाबावयाचा, म्हणजे नवा नाद पकडला जातो. हात खालीं जात असतां पाय वर, आणि पाय खालीं जात असतां हात मोकळा. सायकल शिकतांना पडावें तसे नवशिके यांत पडतात.

माझी थोरली बहीण गिरगांवांत पियानो शिकवीत असे. मराठी मध्यमवर्गीय घरांत पियानो ही गोष्ट आजहि विरळाच. त्या काळीं तर ती चाळींत हत्ती बांधण्यासारखी होती. ग्रँट रोडवरचें एक पारशी कुटुंब परदेशीं जावयास निघालें, तेव्हां त्यांचा जर्मन बनावटीचा उभा पियानो माझ्या मेहुण्यांनीं विकत घेतला. तो तीन जिने चढवतांना सहा हमालांनीं ज्या निवडक शब्दांत आपलें मत व्यक्त केलें, ते शब्द आमच्या घराण्याच्या स्मृतींत अजून ताजे आहेत. ताईचे गुरु गोव्याकडचे एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ होते. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकवण्याची परंपरा जुनी. तेथून तयार होऊन आलेल्या वादकांनीं मुंबईचीं नाचगृहें जागवलीं आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांचीं नांवें आतां तरी लोकांना ठाऊक झालीं आहेत. बाकीच्यांचीं नांवें तबकडीच्या वेष्टनावर कधीं छापलींच गेलीं नाहींत. ताईच्या गुरूंचें नांव त्या बाकीच्यांत मोडतें. पेडलविषयींचा त्यांचा धडा ताई आपल्या शिष्यांना स्वतःच्या भाषेंत देई : “नवी सून सासूच्या मागून चालते तसा पाय हाताच्या मागून चालला पाहिजे. बरोबरीनें नाहीं आणि फार मागें पडूनहि नाहीं.” गिरगांवांतल्या मुलींना ही उपमा चटकन कळे, त्यांतल्या कित्येकींना पुढें ती पियानोबाहेरहि उपयोगीं पडली असेल.

ताई २००९ सालीं गेली. पियानो माझ्याकडे दादरला आला, आणि वाजवणारें कोणी नसल्यामुळें फुलदाणी ठेवण्याचें सर्वांत महागडें मेज म्हणून राहिला. तिचा मुलगा पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. गेल्या वर्षापासून त्यानें एक नवाच छंद लावून घेतला : नुसता आवाज ऐकून वादकाच्या हातापायांनीं काय काय केलें असेल, तें यंत्राकडून ओळखवून घ्यावयाचें. 

हें तो कसें करतो तें त्यानें मला तीन रविवार खर्चून समजावलें. नाद म्हणजे हवेचा थरथराट. संगणक तो सेकंदाला ४४,१०० वेळां मोजतो. या मापांचे २,०४८ चे तुकडे पाडले तर एकेक तुकडा सुमारें ४६ सहस्रांश सेकंदांचा होतो. प्रत्येक तुकड्यांत कोणता सूर किती जोरांत आहे हें काढून तीं उत्तरें शेजारीं शेजारीं मांडलीं कीं नादाचें एक चित्र तयार होतें : आडवा काळ, उभा स्वर, आणि जोर जितका अधिक तितका रंग गडद. तुकडा लांब घेतला तर स्वर स्पष्ट दिसतो पण वेळ पुसट होते; आंखूड घेतला तर वेळ स्पष्ट होते पण स्वर फरकटतो. दोन्ही एकदम मिळत नाहींत, आणि याला संगणकाचा नाइलाज आहे. कारण हा गणिताचाच नियम आहे. मग हें चित्र एका कृत्रिम मज्जाजालापुढें ठेवावयाचें. आरंभीं त्या जालाला कशाचेंहि ज्ञान नसतें. तें अंदाजानें ठोकून देतें कीं येथें पेडल दाबलेलें आहे. खरें उत्तर त्याला दाखवावयाचें, चूक किती झाली तें मोजावयाचें, आणि जालांतले लाखों आंकडे त्या चुकीच्या उलट दिशेला तिळभर सरकवावयाचे. हें लाखों वेळां केलें म्हणजे यंत्र शिकलें. आमच्या लहानपणीं पाढे असेच पाठ होत. फक्त तिळभर सरकवण्याचें काम छडी करी.

“पण खरें उत्तर कुठून आणतोस?” मीं विचारलें. कारण ऐकतांना पेडल कुठें दाबलें हें मलाच पुष्कळदां कळत नाहीं, आणि मी पन्नास वर्षें ऐकत आलों आहें.

“मामा, खरी मेहनत तिथेंच आहे,” तो म्हणाला.

यामाहा कंपनीचा डिस्क्लेव्हियर नांवाचा एक पियानो आहे. तो खऱ्या तारांचा, खऱ्या हातोड्यांचा. पण त्याच्या पट्ट्यांना आणि पेडलांना संवेदक बसवलेले असतात, आणि प्रत्येक हालचालीची नोंद होत जाते. पेडलाची स्थिति शून्यापासून १२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं लिहिली जाते. म्हणजे अर्धें पेडल, पाव पेडल, सगळें कागदावर येतें. अमेरिकेंतल्या एका पियानोस्पर्धेंत तरुण वादक याच वाद्यावर वाजवीत. त्या वादनाचे ध्वनि आणि नोंदी जुळवून गूगलच्या संशोधकांनीं २०१८ सालीं ‘मॅएस्ट्रो’ नांवाचा संग्रह प्रसिद्ध केला. तो आज सुमारें २०० तासांचा आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांत बेइची लियांग, ग्यॉर्गी फाझेकश आणि मार्क सँडलर यांनीं तर पियानोच्या पेडलालाच प्रकाशानें मोजणारें उपकरण जोडून पायाच्या हालचाली टिपल्या. आणि पुढें २०१९ सालीं नुसत्या आवाजावरून पेडल ओळखण्यासाठीं दोन जालें बसवलीं : एक पेडल दाबल्याचा क्षण हुडकणारें, दुसरें तें दाबलेलें राहिल्याचा काळ ओळखणारें. त्यानंतरच्या वर्षीं बाइटडान्स या चिनी कंपनीच्या संशोधकांनीं सूर आणि पेडल दोन्ही एकदम उतरवून घेणारी पद्धति काढली, आणि तिच्या साह्यानें दहा हजारांवर रचनांचीं ध्वनिमुद्रणें नोंदींच्या रूपांत उतरवलीं. माणसानें हें काम हातानें करावयाचें म्हटलें तर त्याचीं नातवंडेंहि त्यांतच म्हातारीं होतील.

यांतली एक खोंच मला विशेष आवडली. एखादा सूर पट्टीवर बोट धरून ठेवल्यानें लांबला, कीं पेडलानें लांबला? त्या एका तारेपुरतें पाहिलें तर दोहोंत जवळजवळ कांहींच अंतर नाहीं. अंतर आहे तें शेजाऱ्यांत. बोटानें धरलेला सूर एकटा असतो. पेडलानें धरलेल्या सुराभोंवतीं इतर तारांची गुणगुण असते. यंत्र ती गुणगुण ओळखावयास शिकतें. मला वाटतें, आपल्याकडच्या रसिकाला ही गोष्ट परकी वाटूं नये. बंद पडद्यामागून नुसता ठेका ऐकून ‘हा दिल्लीचा बाज, हा पुरबचा’ असें सांगणारे लोक आपल्यांत होतेच. बोट शाईच्या कडेला पडलें कीं मध्यें, हें ते कानानें पाहत. मुंबईच्या आय. आय. टी.मध्येंहि तबल्याचे बोल यंत्राकडून ओळखवण्याचें काम झालेलें आहे. तें ऐकून माझे एक तबलजी स्नेही म्हणाले, “ओळखूं दे, बिदागी मागत नाहीं तोंवर माझी हरकत नाहीं.”

भाच्याचा मूळ हेतु मात्र मला उशिरा कळला. ताईच्या वादनाच्या दोन कॅसेटी त्याच्यापाशीं होत्या : एक १९८४ ची, दुसरी १९९१ ची. दोन्हींवर शोपँचा तोच एक नॉक्टर्न होता, ई-फ्लॅटमधला, जो जगांतल्या प्रत्येक पियानोशिक्षिकेला कधींना कधीं वाजवावाच लागतो. दुसऱ्या कॅसेटवर त्याच्याआधीं बाखचें एक लहानसें ‘इन्व्हेन्शन’हि होतें. त्यानें दोन्ही कॅसेटी संगणकांत उतरवल्या आणि यंत्रापुढें ठेवल्या.

पहिलाच निकाल आला तो हास्यास्पद. बाखच्या त्या इन्व्हेन्शनांत पेडल जवळजवळ सारखें दाबलेलें आहे, असें यंत्र मोठ्या खात्रीनें सांगूं लागलें. ताई बाखला पेडल लावणें म्हणजे श्रीखंडांत लसूण घालणें समजे. तिच्या विद्यार्थ्यांना त्या वेळीं दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून बसावें लागे. मीं भाच्याला सांगितलें कीं तुझें यंत्र बहिरें आहे. तो हिरमुसला नाहीं. त्यानें कोणत्या सुरांवर यंत्राला तसें वाटतें याची यादी काढली. ते मधल्या सप्तकांतले पांचसहाच सूर होते, आणि नेहमीं तेच. मग आम्हीं पियानोची पुढची फळी उतरवली आणि टॉर्च घेऊन आंत पाहिलें. हातोड्यांच्या खालीं गाद्यांची रांग होती; तींत नेमक्या त्याच सुरांच्या गाद्या कसरीनें खाल्लेल्या होत्या. नमदा म्हणजे लोकरच. मुंबईच्या पावसाळ्यांत बंद पेटीमध्यें कसरीला याहून चांगलें अन्नछत्र कोणतें मिळणार? पट्टी सोडली तरी त्या तारा मिटत नव्हत्या. उघड्याच राहून शेजाऱ्यांबरोबर गुणगुणत होत्या. म्हणजे यंत्रानें जें ऐकलें तें खरें होतें : तारा मोकळ्या होत्या. त्या पायानें मोकळ्या केल्या कीं किड्यानें, एवढेंच त्याला ठाऊक नव्हतें; कारण तें शिकलें होतें तें स्पर्धेच्या सभागृहांतल्या निगा राखलेल्या पियानोंवर. कसर लागलेला पियानो त्याच्या पाठ्यपुस्तकांत नव्हता.

यावरून एक गोष्ट उघड झाली. हीं सहा-सात भोंकें १९९१ सालींच पडलेलीं होतीं. १९८४ च्या कॅसेटवर त्यांचा मागमूस नाहीं. तेव्हां दुसऱ्या कॅसेटवरच्या मधल्या सप्तकाची साक्ष ग्राह्य धरतां येत नाहीं. पाय वेळेवर उचलला असला तरी गादी नसलेली तार वाजतच राहणार, आणि यंत्र म्हणणार कीं पाय उशिरा उचलला. म्हणून भाच्यानें खर्जाकडे मोर्चा वळवला. खर्जाच्या तारा जाड, त्यांच्या गाद्याहि जाड. तेथें कसरीचा दांत लागलेला दिसला नाहीं.

आणि तेथें जें निघालें त्यामुळें तो दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं.

त्या नॉक्टर्नची डाव्या हाताची रचना अशी आहे कीं, करंगळी खर्जांतला एक सूर देते आणि हात लगेच वर उडी घेऊन दोन स्वरसंघ वाजवतो. पुन्हां खर्ज, पुन्हां उडी. हाताला एकाच वेळीं दोन ठिकाणीं राहतां येत नाहीं. म्हणून करंगळी सुटण्याच्या आंत पायानें खर्जाचा सूर पकडलाच पाहिजे. १९८४ च्या कॅसेटवर पाय दर वेळीं खर्जाच्या मागोमाग पडतो. अगदीं त्या सुनेसारखा, ठराविक अंतरानें. १९९१ च्या कॅसेटवर तें अंतर वाढलेलें आहे, आणि तें कधीं थोडें, कधीं बरेंच. अशा वेळीं खर्जाचा सूर तुटावयास हवा होता. पण तो तुटलेला नाहीं. यंत्राच्या आलेखांत तेथें खर्जाचा सूर एकटाच दिसतो, शेजाऱ्यांच्या गुणगुणीवांचून. याचा अर्थ करंगळी पट्टीवर धरून ठेवलेली आहे. हात उडी घेण्यास थांबला आहे, पायाची वाट पाहत. आणि त्यामुळें वरचे स्वरसंघ किंचित मागून येतात. त्या वर्षांत ताईचें वादन ऐकणारे म्हणत कीं आतां हिच्या वाजवण्यांत ठहराव आला. तो ठहराव खरा होता, आणि सुंदरहि होता. मीं तो काल रात्रींच पुन्हां ऐकला.

१९९२ नंतर ताईनें कार्यक्रमांत वाजवलें नाहीं. मुलाची शाळा, त्याचा अभ्यास, घरचें कोण बघणार, असें तिचें सांगणें होतें, आणि सगळ्यांनीं तें मान्य केलें होतें. भाचा त्या वेळीं तेरा वर्षांचा. आईनें आपल्यासाठीं संगीत सोडलें हें ओझें त्यानें तेव्हांपासून वाहिलें, हें मला अंदाजानें ठाऊक होतें. त्याच्या तोंडून तें कधीं निघालें नव्हतें.

“मामा, आईचा पाय दुखत होता का?” त्यानें तिसऱ्या दिवशीं फोनवर विचारलें.

“मला तरी ती कधीं म्हणाली नाहीं.”

“लंगडत होती?”

“नाहीं. जिना हळू चढे. पण तो जिनाच तसा होता.”

मीं त्याला सावध करण्याचा प्रयत्न केला, आणि तो मी कर्तव्य म्हणून करीत होतों असें नाहीं. मला खरोखरच तसें वाटतें. यंत्र पाय केव्हां पडला तें सांगतें, कां उशिरा पडला तें सांगत नाहीं. तिनें मुद्दामच तसें वाजवलें असेल. सात वर्षांत वादकाची समजूत बदलते. कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम पावणेपांच सेंटिमीटर सरकते, आणि जुन्या यंत्रांत तीहि एकसारखी नाहीं. शिवाय उभ्या पियानोच्या पोटांत पेडलापासून गाद्यांपर्यंत जाणारा एक लांकडी दांडा असतो. दमट हवेनें तो सैल झाला तर पाय दाबला तरी गाद्या उशिरा उचलल्या जातात. या शेवटच्या शंकेला त्यानें तत्काळ उत्तर दिलें : सैल दांडा प्रत्येक वेळीं सारखाच उशीर करील, येथें उशीर कमीजास्त होतो, आणि तुकडा जसजसा पुढें जातो तसतसा वाढतो. फितीच्या शंकेलाहि त्यानें उत्तर काढलें. तें हिशेबाचें असल्यामुळें मला पुरतें समजलें नाहीं, पण सूर डळमळले कीं फीत डळमळली, आणि सूर स्थिर असतां वेळ हलली तर ती वादकाची, असा त्याचा आशय होता. तिनें मुद्दाम तसें वाजवलें असेल या शंकेला मात्र त्याच्यापाशीं उत्तर नाहीं, आणि माझी समजूत आहे कीं जगांतल्या कोणत्याहि यंत्रापाशीं तें असणार नाहीं. त्या काळचे डॉक्टरांचे कागद घरांत नाहींत. मेहुणेहि आतां नाहींत.

त्याला काय हवें आहे हें मला दिसतें. आईचा पाय थकला होता, एवढें जर निघालें तर त्याच्या डोक्यावरचें तीस-बत्तीस वर्षांचें ओझें उतरतें. पण त्याच वेळीं दुसरें चढतें : तिला दुखत होतें आणि तिनें कोणाला सांगितलें नाहीं, उलट त्या दुखण्यालाच वळण देऊन तिनें त्याचें संगीत केलें. यांतलें कोणतें ओझें हलकें, तें मी त्याला सांगूं शकत नाहीं. तो मात्र हट्टाला पेटला आहे, आणि त्याचा हट्ट शास्त्रीय आहे हें कबूल केलें पाहिजे. या पियानोच्या गाद्या, दांडा, पेडल यांचा स्वभाव यंत्राला आधीं नीट शिकवल्यावांचून तो कोणताहि निष्कर्ष काढावयास तयार नाहीं.

इकडे मीं गेल्याच महिन्यांत एका ट्यूनरला बोलावलें होतें. त्यानें गाद्या बदलून, दांडा कसून, सगळें वाद्य पुन्हां नवें करून देण्याचें ठरवलें होतें. भाच्याला हें कळतांच त्यानें पुण्याहून फोनवर असा आकांत मांडला कीं जणुं मी घर जाळावयास निघालों होतों. आधीं पियानो आहे तस्सा मुद्रित झाला पाहिजे : अठ्ठ्यांशीं पट्ट्या, प्रत्येक पेडलासह आणि पेडलावांचून, आणि प्रत्येक वेळीं हळू, मध्यम व जोरानें; म्हणजे ५२८ सूर. एकेका सुराला विरावयास पंधरा सेकंद धरले तर सव्वादोन तास, आणि तेहि पहांटे, रस्त्यावर बेस्टच्या बसगाड्या सुरू होण्यापूर्वीं. पट्ट्या मी दाबावयाच्या आणि तो पेडलाजवळ जमिनीवर बसून पायाऐवजीं हातानें पेडल दाबणार, कारण पाय किती दाबला हें त्याला मोजपट्टीनें मोजावयाचें आहे.

तेव्हां ट्यूनरला मीं दिवाळीनंतर येण्यास सांगितलें आहे. ध्वनिमुद्रण मात्र आजच्या यंत्रावर करून चालणार नाहीं असें भाच्याचें म्हणणें पडलें. ताईचा टेपरेकॉर्डर ज्या झांकणावर असे त्याच झांकणावर तोच टेपरेकॉर्डर ठेवावयाचा. तो माळ्यावर सांपडला, पण त्याचा आंतला रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. लॅमिंग्टन रोडवर दोन दुपारी फिरून तसला पट्टा मिळाला. आतां कोरी कॅसेट शोधावयाची आहे.